स्विफ्टचे १६ इंची मॅग काढून १४ इंची रिम आणि १५ वर्षांचं पासिंग, कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२५, रविवार

गाडी २०११ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच २९. आरसी १ मार्च २०२६ ला संपते, म्हणजे १५ वर्ष भरतात आणि प्रायव्हेट गाडी असली तरी आता पासिंगला न्यावी लागते. फॉर्म २५ भरायचा, गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची, मग ५ वर्षांची मुदत वाढते. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे जानेवारी लागला की आपलं काम सुरू.

अडचण एकच मोठी आहे ती म्हणजे चाकं. आधीच्या मालकानं यवतमाळमध्ये १६ इंची मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमचे रिम, टाकले होते, ७ इंच रुंद, त्यावर २०५/५५ आर१६ टायर. दिसायला भारी दिसतात हे खरं आहे, पण पुढची दोन्ही चाकं मडगार्डाच्या बाहेर निघून राहिली आणि चार माणसं बसली की मागचं चाक खड्ड्यात गार्डच्या कडेला घासते. गाव आर्णीपासून आत आहे, मेन रोड सोडला की डांबर कमी आणि गिट्टी जास्त, अन् वावरात जायची पांदण तर पावसाळ्यात बंडीलाच जड जाते. अशा रस्त्याला इतकी पातळ रबरी कड कामाची नाही. बाबांना दर महिन्याला सावंगी मेघेला तपासणीला न्यावं लागते, यवतमाळ, कळंब, देवळी असा रस्ता, आणि गावात रात्री बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी हीच गाडी निघते. त्यामुळं कंपनीचे १४ इंची लोखंडी रिम परत बसवायचे आणि त्याच चाकांवर पासिंग करायचं ठरवलं. काय काय करतो ते इथं लिहून ठेवतो, आपल्या भागात अशा गाड्या लय आहेत, कोणाच्या कामी येईल.

३० डिसेंबर, मंगळवार

मागचं डावं चाक आठवड्याला हवा सोडते. पंक्चरवाल्यानं टायर पाण्यात बुडवून पाहिला होता, त्याला काही सापडलं नव्हतं. आज चाक खोलून अंगणात आडवं टाकलं, निरम्याचं घट्ट पाणी केलं आणि ब्रशनं रिमला सगळीकडून लावत गेलो. बाहेरची बाजू कोरडी, व्हॉल ठीक, टायर जिथं रिमला बसते तिथंही काही नाही. चाक उलटं केलं आणि आतल्या कडेला एका जागी बारीक फेस यायला लागला, मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत. कपड्यानं पुसलं की रेघ दिसेना, पुन्हा पाणी लावलं की पुन्हा तीच ओळ. टॉर्च तिरपी धरली तेव्हा केसासारखी चीर दिसली, दीड बोटाएवढी, आणि तिच्या बाजूलाच जुन्या वेल्डिंगचा फुगीर डाग. म्हणजे हा रिम आधी एकदा तडकला होता, कोणीतरी भरून दिला, आणि वेल्डिंगच्या बाजूलाच परत तडकला.

मॅग म्हणजे ओतीव ॲल्युमिनियम. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, ठोकून बऱ्यापैकी सरळ होते, आणि वाकली तरी घरापर्यंत आणून सोडते. ओतीव मॅग वाकत कमी, तडकते जास्त. वेल्डिंग केलं की त्या जागेच्या आजूबाजूचं धातू तापून नरम पडते, कंपनीनं त्याला दिलेली ताकद तिथं राहात नाही, वरून पॉलिश मारलं तर कोणाला कळतही नाही. त्यातही आतली कड जास्त मार खाते कारण ती आपल्याला दिसत नाही आणि खड्ड्याचा धक्का तिथंच जातो. हे चाक आता गाडीला परत लागणार नाही. स्टेपनी लावली.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

आज मापं घेतली. रिम घ्यायच्या आधी चार गोष्टी मोजून घ्यायच्या, दुकानदार "बसते ना भाऊ" म्हणाला म्हणून घ्यायचं नाही.

पहिलं पीसीडी. चार नटाच्या गाडीत हे सोपं आहे, समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर. स्विफ्टला १०० मिलिमीटर, म्हणून ४ बाय १०० म्हणतात. दुसरं मधलं भोक, हब, म्हणजे गाडीच्या बाजूचा ज्यावर चाक बसते तो भाग, ज्यात बसते ते. कंपनीच्या रिमला ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या मॅगला हे भोक मुद्दाम मोठं ठेवतात, बहुतेक ७३.१, म्हणजे एकच रिम वीस गाड्यांना विकता येते, आणि मधली फट भरायला प्लास्टिकची रिंग देतात. माझ्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांत रिंगच नव्हती. म्हणजे रिम हबवर बसलेली नाही, फक्त चार नटांवर टांगलेली. ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायचं ते ह्याच्यानंच असणार, मागे बॅलन्सिंग करून पण गेलं नव्हतं.

तिसरं रुंदी आणि चौथं ऑफसेट. हे चौथंच लोक सोडून देतात आणि सगळा घोळ तिथंच आहे. ऑफसेट म्हणजे रिमचा जो भाग हबला टेकतो तो रिमच्या मधोमधपासून किती बाहेरच्या अंगाला आहे ते. रिमवर तो ईटी म्हणून मिलिमीटरमध्ये लिहून असते. नसेल तर रिम उलटी ठेवायची, आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत मोजायचं, त्यातून रिमच्या पूर्ण रुंदीचं अर्ध वजा करायचं. मित्राच्या डिझायरची लोखंडी रिम मोजली, ५ इंची, कडेपासून कडेपर्यंत १४० मिलिमीटर, पट्टीखाली ११५, म्हणजे ११५ वजा ७०, ईटी ४५ आलं.

माझे मॅग ७ इंची, ईटी ३५. आता हिशोब पाहा. ५ इंची ईटी ४५ रिमची बाहेरची कड हबच्या टेकणीपासून साडे अठरा मिलिमीटर बाहेर जाते. ७ इंची ईटी ३५ ची जवळपास ५४. म्हणजे एकेक चाक साडेतीन सेंटिमीटर बाहेर, आणि आतल्या बाजूलाही दीड सेंटिमीटर शॉकअपकडं सरकलेलं. व्हील बेअरिंगवर जोर कुठं पडायला पाहिजे अन् कुठं पडून राहिला ते ह्याच्यात आलं. पासिंगचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे गाडीसाठी बरं नाही.

टायरची उंची पण काढली. १६५/८० आर१४ ची साधारण ६२० मिलिमीटर, २०५/५५ आर१६ ची ६३२. फरक दोन टक्क्याचा, मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी त्यापेक्षा दीड-पावणेदोन किलोमीटर जास्त पळते. तो काही मोठा विषय नाही.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर कंपनीचं स्टिकर आहे, टायरचा साइज आणि हवा दोन्ही लिहून. थोडं खरचटलंय पण १६५/८० आर१४ स्वच्छ वाचता येते. ह्या स्टिकरचा फोटो काढून ठेवला.

४ जानेवारी, रविवार

बाजारात चहाच्या टपरीवर विषय निघाला. एक जण म्हणे, "कायले खर्च करतं बाप्पा, माह्या डिस्का घेऊन जाय दोन दिवस, पासिंग करून आण, मंग तुझे मॅग टाक परत." डिस्का म्हणजे त्याच्या लोखंडी रिम. असं सर्रास चालते. चार गाड्यांच्या पासिंगमध्ये एकच रिमचा सेट फिरतो. त्याचा हेतू चांगलाच होता, मदतच करून राहिला होता. पण मी नाही म्हटलं, आणि काऊन नाही म्हटलं ते तिथं नीट सांगितलं. इन्स्पेक्टर पाच-दहा मिनिटं गाडी पाहते, आपण पाच वर्ष चालवतो. चाक घासते, तडकलंय, स्टिअरिंग थरथरते हे पासिंग झाल्यावर सुटत नाही. अन् मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या गोष्टीत आरसीशी न जुळणारा बदल करता येत नाही, १८२ अ मध्ये मालकाला एका बदलामागं ५ हजार दंडाची सोय आहे. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यानं चाकावर बोट ठेवलं तर भांडायला आपल्याकडं काहीच राहात नाही. गाडीत बाबा बसतात, शेजारची लेकरं बसतात. काकाजी बाजूलाच बसून होते, ते एवढंच म्हणाले, "पोट्टा बरोबर बोलून राहिला."

९ जानेवारी, शुक्रवार

यवतमाळला गेलो. नवीन लोखंडी रिम घ्यायची की जुनी हा विचार होता. नवीन मिळते पण चारचे पैसे आणि वरून चार टायर, एवढं एकदम झेपत नव्हतं. डिझायर टूरवाले टॅक्सीवाले लोखंडी रिम काढून विकतात, तोच १४ इंच, ४ बाय १००, ५४.१. जुन्या मालाच्या दुकानात असा ढीग पडून होता.

जुनी रिम घेताना पाहायचं ते असं. आधी व्हॉलच्या भोकाजवळ ठसा वाचायचा, १४ गुणिले ५जे, म्हणजे १४ इंची आणि ५ इंच रुंद, लिहून पाहिजे. मग नटाची भोकं, ती गोलच पाहिजे, लांबट झालेली असली तर ढिल्या नटावर गाडी चाललेली आहे, ती रिम सोडून द्यायची. मग मधल्या तव्याची आणि बाहेरच्या कड्याची जिथं वेल्डिंग आहे तिथं सगळीकडून फिरवून गंजाची रेघ पाहायची, वेल्डिंगवर तांबडी रेघ म्हणजे बहुतेक चीर. शेवटी गोलाई. दुकानात जुन्या हबचा स्टँड होता, त्यावर रिम लावून फिरवली आणि खडूचा तुकडा कडेजवळ स्थिर धरला. चांगली रिम असली की खडू सगळीकडं सारखा लागते, वाकडी असली की एकाच जागी उमटते. ढिगातल्या बऱ्याच बाजूला ठेवल्या, पाच निवडल्या, चार चाकं आणि स्टेपनी. एका रिमची ७०० रुपयांप्रमाणे. दुकानदार आधी कंटाळला, मग स्वतःच खडू घेऊन बसला.

नट पण घेतले, कारण मॅगचे नट लांब आणि वेगळ्या घडणीचे असतात, लोखंडी रिमला कंपनीचेच पाहिजे. तिथं पिशवीत भरून दिलेले नट मी तिथंच हातानं फिरवून पाहिले तर दोन आट्यांनंतर अडकले. ते ह्युंदाईचे होते. ह्युंदाईचा नट १२ बाय १.५, मारुतीचा १२ बाय १.२५, जाडी एकच पण आटे वेगळे. डोळ्यानं अजिबात कळत नाही. पान्यानं जोर लावला तर जाते आत, पण स्टडचे, म्हणजे हबवरच्या बोल्टचे, आटे खाऊन जाते, आणि मग चाक धरून ठेवायचं काम कोण करणार. नट नेहमी आधी बोटानं पूर्ण बसवायचा, बोटानं जात नसेल तर तो आपला नट नाही. बदलून मारुतीचे घेतले.

११ जानेवारी, रविवार

रिम घासल्या. टायर जिथं बसते त्या कडेवर गंजाचे पापुद्रे होते, ते राहिले तर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. वायरब्रश, मग पॉलिशपेपर, मग प्रायमर, मग सिल्व्हर रंग. एक गोष्ट ध्यानात ठेवली, नट जिथं बसते त्या उतरत्या जागेवर आणि हबला टेकणाऱ्या मागच्या भागावर रंगाचा जाड थर द्यायचा नाही. तिथं रंग राहिला की तो दबून पातळ होते, नट आपोआप ढिले पडतात. त्या जागा टेपनं झाकल्या. उन्हात वाळवल्या, हिवाळ्याचं ऊन आहे पण धुऱ्यावर दुपारी चांगलं लागते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. घरी पाहुणे. काम बंद.

१७ जानेवारी, शनिवार

टायर घेतले, चार नवीन १६५/८० आर१४, ८५ लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. स्टेपनीला मॅगसोबत आलेलाच जुना १४ इंची टायर आहे, तो चांगला आहे, खोली भरपूर आहे. टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवडा आणि मागचे दोन वर्ष. ४१२५ म्हणजे २०२५ चा ४१ वा आठवडा. दुकानदारानं आधी जे काढले त्यातला एक २०२३ चा होता, तो नको म्हटलं, त्यानं लगेच बदलून दिला.

टायरची खोली कारला १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानं चालत नाही. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहून असते, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बारीक उंचवटा असते, घासून रबर त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझ्या मॅगवरचे पुढचे दोन टायर आतल्या बाजूनं तिथपर्यंत आले होते आणि बाहेरून नवीन दिसत होते.

प्रत्येक रिमला नवीन ट्यूबलेस व्हॉल टाकायला लावला, जुना ठेवू नये, रबर कडक होते. बॅलन्सिंग केलं. लोखंडी रिमला कडेला ठोकायची वजनं लागतात, मॅगसारखी चिकटवायची नाही. एका रिमला ३५ ग्रॅम लागलं, बाकीच्यांना त्यापेक्षा कमी. जुन्या रिमच्या मानानं हे चांगलं आहे, खडूची मेहनत कामी आली.

१८ जानेवारी, रविवार

आज घरी चाकं बसवली. आधी कापूस तोलायचा टांगता काटा काढला, वेचणी संपत आली आहे म्हणून रिकामा होता. मॅग टायरसकट १८ किलोच्या वर भरलं, लोखंडी टायरसकट साडेतेरा. लोकं समजतात मॅग म्हणजे हलकं. कंपनीचं चांगलं मॅग हलकं असते, पण हे १६ इंची बाजारातलं, मोठा रिम आणि मोठा टायर मिळून एका चाकामागं साडेचार किलो जास्त. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे, शॉकअप त्यालाच वरखाली नाचवत बसते.

हबवर गंज होता, मधल्या उंचवट्यावर तर जाड थर. वायरब्रशनं चकचकीत केला, पुसून तांब्याच्या ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवलं, फक्त हबच्या त्या गोल उंचवट्यावर. स्टडच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही, लावलं की त्याच मापात पाना जास्त आवळते आणि स्टड ताणला जाते. रिम हबवर ठेवली आणि ती टक आवाज करून आपसूक बसली. मॅगला असा आवाज कधीच आला नव्हता. ५४.१ वर ५४.१, मध्ये काहीच हलत नाही.

नट चारही आधी बोटानं, मग समोरासमोर थोडे थोडे, गाडी खाली उतरवून मग टॉर्क पाना. मिस्त्रीकडून मागून आणला होता. ८५ न्यूटन मीटरला टक वाजते. आपल्याकडं व्हीलपान्यावर पाय देऊन उभं राहायची पद्धत आहे आणि टायरच्या दुकानात हवेच्या गननं धाडधाड मारतात, दोन्हीनं नट हिशोबाच्या बाहेर आवळला जाते. मग रस्त्यात पंक्चर झालं की घरच्या पान्यानं खुलत नाही, आणि पुढच्या ब्रेकची डिस्क पण त्या ओढीनं थोडी वाकू शकते. म्हणून दुकानात मी फक्त टायर चढवून घेतले, चाक गाडीला घरीच लावलं.

बाबा ओट्यावर बसून पाहत होते. "आता कशी घरची दिसते," म्हणाले.

२० जानेवारी, मंगळवार

अलाइनमेंट. त्याच्या आधी मिस्त्रीनं गाडी वर घेऊन पुढचं चाक दोन्ही हातानं धरून हलवलं, तीन आणि नऊ वाजल्याच्या जागी धरलं तर डाव्या बाजूला कट कट. टाय रॉड एंड गेला होता. रुंद चाक बाहेर निघालेलं असलं की स्टिअरिंगच्या ह्या सांध्यांवर जास्त ओढ येते, त्यातून आपले रस्ते. बदलला. लोअर आर्मचे बुश ठीक आहेत. मग अलाइनमेंट केलं, टो बराच बाहेर होता, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं बाहेरच्या अंगाला वळलेली, टायर आतून खाल्ले जात होते त्याचं कारण हेच.

येताना हायवेला गाडी ८० वर नेली. स्टिअरिंग शांत. रिम मापात आली अन् सांधा बदलला, दोन्हीचा फरक आहे, पण नुसत्या बॅलन्सिंगवर पैसे घालत राहिलो असतो तर हे कधीच गेलं नसतं.

२५ जानेवारी, रविवार

पासिंगची बाकीची कामं आज उरकली. हेडलाइटच्या काचा पिवळ्या झाल्या होत्या, हजार आणि मग दोन हजार नंबरच्या पेपरनं पाण्यात घासून पॉलिश मारलं. मागच्या नंबर प्लेटचा दिवा जळलेला होता, बदलला. रिव्हर्सचा एक बल्ब. वायपरचे रबर. हॉर्न चालू होता पण भसाडा, गंजलेलं कनेक्शन घासलं तर खणखणीत झाला. आधीच्या मालकानं बोनटजवळ पांढरी एलईडी पट्टी लावली होती ती काढून टाकली, काचांची काळी फिल्मही काढली, गरम हवेनं हळूहळू सोलावी लागते नाहीतर मागच्या काचेच्या गरम होणाऱ्या तारा उपटून येतात.

संध्याकाळी घराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून खडूनं खुणा केल्या आणि हेडलाइटचा उजेड खाली आणला. दोन्हीकडं सारखा. समोरून बैलबंडी घेऊन येणाऱ्याच्या डोळ्यात लाइट जाऊ नये हे मला पासिंगपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटते, रात्री आपल्या रोडवर बंड्यांना मागून रिफ्लेक्टर नसते आणि समोरच्या लाइटनं बैल बुजतात.

चेसिस नंबर पण साफ केला. त्याचा पेन्सिलनं ठसा घ्यावा लागते, कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासायची. नंबरवर तेल आणि माती बसलेली असते, ती फक्त पेट्रोलनं आणि मऊ ब्रशनं काढायची. पॉलिशपेपर अजिबात लावायचा नाही. आकडा घासून अंधुक झाला तर नंबरमध्ये छेडछाड केली असा संशय येते आणि साधं काम कुठल्या कुठं जाते.

२७ जानेवारी, मंगळवार

ऑनलाइन अर्ज केला. परिवहनच्या वाहन साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून मोबाइलवर ओटीपी. आरसीला मोबाइल नंबर आधीच्या मालकाचाच राहिला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागते, गाडी जुनी घेतलेल्यांनी हे आधी तपासा. ई चलन बाकी असलं तर पुढं सरकत नाही, एक जुनं होतं, भरलं. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, नसेल तर आरटीओचं काम होत नाही, ती मी गेल्या वर्षीच बसवून घेतली होती, ७४५ आणि वर जीएसटी. समोरच्या काचेवरचं तिसरं स्टिकर पण लावलेलं पाहिजे, पेट्रोलला फिकट निळं, डिझेलला केशरी.

कारच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली आहे. पर्यावरण कर वेगळा, तो ५ वर्षांचा एकदम भरावा लागते. मुदत उलटून गेली तर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. त्यामुळं फेब्रुवारीचा शेवट पाहात बसायचं नाही. पीयूसी ताजं काढलं, इन्शुरन्स चालू आहे. तारीख मिळाली ५ फेब्रुवारी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे निघालो. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या, ओव्हरटेकला जागा नाही. पोचलो तेव्हा आधीच रांग होती, बहुतेक मालवाहू, अधूनमधून आपल्यासारखी पंधरा वर्षांची कार.

इन्स्पेक्टर मॅडम होत्या. बोनट उघडायला लावून चेसिस आणि इंजिन नंबर ठशासोबत ताडून पाहिले. लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, पट्टे, मागचे पण. मग वाकून टायरवरचा साइज वाचला आणि विचारलं, "रिम कंपनीच्याच आहेत का?" म्हटलं हो मॅडम, साइज कंपनीचाच, रिम डिझायरच्या आहेत, मोजून घेतल्या. दार उघडून खांबावरचं स्टिकर दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मग चाकाच्या वर मडगार्डाच्या कडेला हात ठेवून सरळ खाली पाहिलं, चाक आत आहे. स्टेपनी काढून दाखवायला सांगितली. ती पण त्याच साइजची. मग स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवायला लावलं आणि खाली वाकून चाक कुठं घासते का ते पाहिलं. नाही.

माझ्या मागं एक गाडी होती, मॅग बाहेर निघालेले. त्याला चाकं बदलून परत आणायला सांगितलं. तो माझ्याकडं आला, "भाऊ, तुमच्या डिस्का मिळतीन का आजच्या दिवस?" म्हणून. त्याला म्हटलं ह्या मला घरी जायला लागतात. पण जुन्या मालाच्या दुकानाचा पत्ता दिला, खडू लावून कशी पाहायची ते सांगितलं आणि नट आधी बोटानं फिरवून पाह्य म्हटलं. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑनलाइन स्टेटस मंजूर दाखवते. मुदत मार्च २०३१ पर्यंत. एम परिवहनमध्ये आरसीवर नवीन तारीख आली.

नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासले. चाक बदलल्यावर शे-शंभर किलोमीटर चाललं की हे करायचंच, नवा रंग, घासलेला हब, सगळं थोडं थोडं बसते. पुढच्या उजव्याचा एक नट अर्धा गिरकी घेतल्यावर टक वाजला, बाकीचे जागचे हलले नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाजूच्या गावचा एक पोट्टा मॅग पाहायला आला. त्याच्याकडं आय टेन आहे. पीसीडी १०० आणि भोक ५४.१, म्हणजे नटात बसतीन, दुकानात कोणी पण त्याला "बसते" म्हणूनच विकलं असतं. त्याला अंगणात बसवून पट्टी टाकून ऑफसेट मोजून दाखवला, त्याच्या गाडीची रिम काढून शेजारी ठेवली, मडगार्डाच्या किती बाहेर जाईल ते खडूनं जमिनीवर आखून दाखवलं. तडकलेलं चाक पण उलटं करून निरम्याचं पाणी लावून दाखवलं, बुडबुडे आले. तो बराच वेळ वाकून पाहात होता. मग म्हणे, "दादा, हे एक वेल्डिंग करून स्टेपनीत टाकलं तं?" नाही म्हटलं, स्टेपनी लागते तेव्हा रात्र असते आणि गाडीत घरचे असतात.

तीन चांगले मॅग घरीच ठेवले आहेत, मापात बसणारी गाडी आली तरच देईन. तडकलेलं कबाडीला तसंच दिलं असतं तर त्यानं भरून, पॉलिश मारून पुन्हा ढिगात ठेवलं असतं. म्हणून ग्राइंडर लावून त्याच्या कडेचे चार तुकडे केले, वेल्डिंगच्या जागी पातं लागलं तेव्हा आतून काळं, स्पंजासारखं भोकाभोकाचं निघालं. त्या पोट्ट्यानं तो तुकडा मागून घेतला, मित्रांना दाखवतो म्हणाला.